श्वासाची उधारी

गेल्या महिन्यात नातीच्या शाळेतून एक छापील फॉर्म घरी आला. आठवीच्या मुलामुलींना तीन दिवस गडावर शिबिरासाठी नेणार होते, त्यासाठी पालकांचे संमतिपत्र. सुनेने तो भरून टेबलावर ठेवला होता. चौतीस वर्षे बँकेत फॉर्म तपासण्यात गेल्यामुळे असा कागद समोर दिसला की माझी नजर आपोआप रकान्यांवरून खाली उतरत जाते. नाव, जन्मतारीख, रक्तगट. सातवा रकाना असा होता : ‘पाल्यास कोणताही दीर्घकालीन आजार आहे काय? असल्यास तपशील द्यावा.’ पुढे स्वच्छ अक्षरात लिहिले होते : ‘नाही’.

‘‘अगं, हिला दमा आहे ना?’’ मी विचारले.

‘‘दमा काय म्हणता बाबा! थोडी धाप लागते, एवढंच. आणि एकदा शाळेत नोंद झाली की ती कायमची. खेळातून काढतील, मुली चिडवतील. शिवाय...’’ सुनेने वाक्य अर्धवट सोडले. उरलेले वाक्य मला ठाऊक होते. मुलीची जात आहे, उद्या लग्न करायचे आहे. माझी सून संगणकाच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे, शहाणी आहे, मुलीला वेळच्या वेळी डॉक्टरांकडे नेणारी आहे. तरीही ते वाक्य तिच्या ओठांपर्यंत आले होते.

मी गप्प बसलो. बोलण्याचा मला नैतिक अधिकारच नव्हता.

मी दमेकरी आहे. हे वाक्य छापण्यासाठी म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदाच लिहितो आहे. माझ्या सात कादंबऱ्यांत मिळून तीन दमेकरी आहेत. तिघेही म्हातारे, तिघेही खाटेला खिळलेले आणि तिघेही शेवटच्या प्रकरणाच्या आत मरतात. एकाच्याही खिशात मी पंप ठेवलेला नाही. ज्या लेखकाच्या स्वतःच्या पँटच्या डाव्या खिशात गेली चाळीस वर्षे पंप आहे, त्याने हे करावे, याला काय म्हणावे? सिनेमावाल्यांचे तरी कुठे वेगळे आहे? तिथे पंप दिसतो तो नेमक्या वेळी हातातून निसटून कपाटाखाली घरंगळत जाण्यापुरता. दमा असलेला माणूस सकाळी दोन पफ घेतो, चूळ भरतो आणि कामाला जातो, हे दृश्य आपल्या कथा-कादंबऱ्यांत फारसे कुणाला लिहावेसे वाटलेले नाही.

आमच्या घरात दमा आजीकडून आला. आम्ही चिपळूणचे. तिथला पाऊस आणि भिंतींना येणारी ओल ज्यांनी पाहिली आहे, त्यांना अधिक सांगायला नको. भावंडांत दोघांना वारसा मिळाला, मला आणि माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या आक्काला. श्रावणातल्या रात्री आम्ही दोघे मांडीवर उशी घेऊन, पुढे वाकून, एकमेकांसमोर बसलेले असायचो. आडवे झाले की छातीत सूं सूं वाजायला लागायचे. आई अडुळशाचा काढा करायची, ज्येष्ठमध द्यायची. कोजागिरीला एका वैद्यबुवांकडे चांदण्यात ठेवलेली औषधी खीर खायला नेत. आणि १९७० साली, मी दहा वर्षांचा असताना, वडिलांनी आम्हा दोघांना हैदराबादला नेले.

तिथले माशाचे औषध ठाऊक नाही असे दम्याचे घर महाराष्ट्रात विरळाच. मृग लागताना, जूनच्या सुरुवातीला, बत्तिनी घराण्यातली माणसे छोट्या जिवंत मरळ माशाच्या तोंडात पिवळट औषधाचा गोळा भरतात आणि तो मासा रुग्णाने अख्खा गिळायचा. औषध फुकट, त्यामुळे गर्दी अलोट. आक्काने डोळे मिटून मासा गिळला. मी भित्रा, म्हणून मला गुळातून दिले. त्या वर्षीचा पावसाळा आम्हा दोघांनाही बरा गेला. पुढच्या वर्षी पुन्हा उशी मांडीवर.

या उपायांची टिंगल करण्याचा माझा हेतू नाही. वडिलांनी त्यासाठी कर्ज काढले होते, हे मला पुढे कळले. पण इतक्या वर्षांनी एक गोष्ट ध्यानात येते. दमा हा मुळातच चढउताराचा आजार आहे. तो वाढतो आणि काहीही न करता पुष्कळदा ओसरतोही. त्यामुळे उतारावर जो भेटेल, त्याला श्रेय मिळते, मग तो मासा असो, खीर असो की एखादा अंगारा. आणि उतारालाच बरे होणे समजण्याची चूक फक्त मासे गिळणारे करतात असेही नाही. पंप वापरणारेही तीच करतात. त्या चुकीने माझी आक्का गेली. ते पुढे सांगतो.

१९८२ साली मी बँकेत क्लार्क-कम-कॅशियर म्हणून लागलो. त्या काळी दम्यावर गोळ्या असत. सालब्युटामॉलच्या गोळीने छाती मोकळी व्हायची, पण हात थरथरायचे. थरथरत्या हातांनी नोटा मोजणाऱ्या कॅशियरकडे गिऱ्हाईक कसे बघते, हे सांगायला नकोच. त्यात बँक म्हटली की रेकॉर्ड रूम आली. वीस-वीस वर्षांची लेजरे, व्हाऊचरांचे गठ्ठे आणि त्यावरची धूळ. एखादे जुने लेजर काढायला आत गेलो की बाहेर येताना मी भिंत धरून येत असे. साहेबांना वाटे, हा कामचुकार आहे. मी ते वाटू दिले. दमेकरी म्हणवून घेण्यापेक्षा कामचुकार परवडला.

तीन-चार वर्षांनी एका डॉक्टरांनी निळा पंप हातात दिला. गोळीतला मिलिग्रॅमचा मामला इथे मायक्रोग्रॅमवर आला होता. औषध पोटातून, रक्तातून फिरत न बसता थेट श्वासनलिकेत जायचे. पाच मिनिटांत छाती मोकळी आणि हातही स्थिर. त्या दिवशी मी रेकॉर्ड रूममध्ये मुद्दाम जाऊन आलो.

या पंपाच्या जन्माची हकीकत मोठी गोड आहे. १९५५ साली अमेरिकेत रायकर नावाच्या औषध कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या तेरा वर्षांच्या दमेकरी मुलीने वडिलांना विचारले, केसांवर मारायच्या फवाऱ्यासारखे माझे औषध डबीत का भरता येत नाही? तोवर काचेचे उपकरण आणि रबरी फुगा दाबत औषध ओढावे लागे. वडिलांनी प्रश्न हसण्यावारी नेला नाही. पुढच्याच वर्षी, १९५६ साली, मोजून मात्रा देणारा पहिला पंप बाजारात आला. १९६९ साली त्यात सालब्युटामॉल आले, तोच आपला निळा पंप. १९७२ साली बेक्लोमेथासोन हे श्वासावाटे घ्यायचे स्टेरॉइड आले. इथून दम्याच्या औषधांच्या दोन शाखा झाल्या आणि आपला खरा घोटाळाही इथूनच सुरू झाला.

हा घोटाळा समजून घ्यायचा तर दम्यात नेमके काय बिघडते ते पाहिले पाहिजे. श्वासनलिकांच्या आतल्या अस्तराला सूज असते. ती कमी-जास्त होते, पण बहुतेकदा मुक्कामाला असतेच, आपल्याला बरे वाटत असतानाही. सुजलेले अस्तर चिडके असते. धूळ, थंड हवा, उदबत्तीचा धूर, सर्दी, कधी नुसते खळखळून हसणे एवढेही त्याला पुरते. ते चिडले की नलिकेभोवतीचे स्नायू आवळले जातात, आत चिकट स्राव साठतो आणि वाट अरुंद होते. निळा पंप हे आवळलेले स्नायू सैल करतो. चार-सहा तास आराम पडतो. आतल्या सुजेला तो हातही लावत नाही. सूज उतरवते ते स्टेरॉइड. मात्र त्याचा गुण यायला दिवस, आठवडे लागतात आणि घेतल्याक्षणी काहीच जाणवत नाही.

बँकेच्या भाषेत सांगायचे तर निळा पंप म्हणजे हातउसने. अडचणीत पटकन मिळते, घेतल्याचे समाधान वाटते आणि मूळ कर्ज जागच्या जागी राहते. स्टेरॉइडचा पंप म्हणजे दरमहाचा हप्ता. भरताना सुख नाही, चुकवला तर दुसऱ्या दिवशी काही बिघडत नाही. माणूस हप्ता चुकवतो आणि हातउसने घेत राहतो. हे मी काऊंटरच्या अलीकडून चौतीस वर्षे पाहिले. काऊंटरच्या पलीकडे मीही तेच करत होतो. निळा पंप खिशात आणि डॉक्टरांनी लिहून दिलेला दुसरा पंप कपाटात, खोकासुद्धा न फोडलेला.

शिवाय मी तो लपवत होतो. ब्रँचमध्ये बाथरूमला जाऊन पफ घ्यायचा. व्याख्यानाला गेलो तर व्यासपीठामागच्या पडद्याआड. एकदा एका साहित्य संमेलनात पडद्यामागे मला पाहून एका कवीने हळूच विचारले, ‘‘काय, सुरू केलीत वाटतं?’’ त्याला वाटले मी बाटली लपवतो आहे. मी हसून मान डोलावली! दारुड्या म्हणवून घेणेही मला परवडले.

आक्काचे लपवणे माझ्याहून अवघड होते. तिचे लग्न इचलकरंजीला झाले. सासरी दम्याचे सांगितले नव्हते. ‘एकदा लग्न झालं की सगळं ठीक होतं’ या त्या काळच्या शास्त्राला धरूनच ते झाले. तिने पंप तांदळाच्या डब्यात ठेवला. पुढे भाऊजींना कळले, ते भला माणूस, काही बोलले नाहीत. पण तोवर लपवण्याची सवय तिच्या हाडीमाशी खिळली होती. सासूबाई गेल्यावरही पंप तांदळातच राहिला.

जानेवारी २००३ मध्ये, पहाटे चारच्या सुमारास, दवाखान्याच्या वाटेवर रिक्षात ती गेली. ४७ वर्षांची होती. हातात निळा पंप होता.

तेराव्यानंतर भाऊजींनी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा माझ्यापुढे ठेवला. त्यात औषधांच्या दुकानाची बिले होती. मी बँकेतला, म्हणून हिशेब लावून दे म्हणाले. मी तारीखवार लावली. शेवटच्या बारा महिन्यांत निळ्या पंपाची पंधरा बिले. एका पंपात २०० पफ, म्हणजे वर्षाला ३,०००, दिवसाला आठ. स्टेरॉइडच्या पंपाची बिले दोन, दोन्ही पावसाळ्यातली. दिवाळीत तिला बरे वाटू लागले तेव्हा तिने तो बंद केला होता. अर्धा पंप तांदळाच्या डब्यातच सापडला.

आज छातीचे डॉक्टर सांगतात की वर्षात तीन किंवा अधिक निळे पंप संपले तर तो धोक्याचा इशारा, मोठा दौरा येण्याची शक्यता वाढली असे समजावे. बारा किंवा अधिक संपत असतील तर जिवाला धोका. एखाद्या खातेदाराने बारा महिन्यांत पंधरा वेळा उचल केली असती तर मी त्याला केबिनमध्ये बोलावून विचारले असते. माझ्या बहिणीला मी विचारले नाही. विचारले असते तर तिने मला उलट विचारले असते, आणि माझे खाते काही फार वेगळे नव्हते.

महिन्याभराने मी एका नव्या डॉक्टरांसमोर बसलो आणि पहिल्यांदा सगळे खरे सांगितले. त्यांनी फुंकायला लावून चाचणी घेतली आणि दोन औषधे एकत्र असलेला पंप लिहून दिला. असे जोडपंप तेव्हा नवे होते. परदेशात ते १९९८ ते २००० या सुमारास आले आणि लवकरच आपल्याकडच्या कंपन्यांनीही आणले. सेरोफ्लो, फोराकोर्ट ही नावे आज औषधांच्या दुकानात सर्दीच्या गोळीइतकी सहज ऐकू येतात. त्यात एक स्टेरॉइड असते, फ्लुटिकासोन किंवा बुडेसोनाइड. आणि एक श्वासनलिका बराच वेळ, साधारण बारा तास, सैल ठेवणारे औषध, साल्मेटेरॉल किंवा फॉर्मोटेरॉल.

मला तेव्हा वाटले, ही सोय आहे. दोन डब्यांऐवजी एक. ती नुसती सोय नाही हे कळायला मला बरीच वर्षे लागली, आणि खरे तर वैद्यकशास्त्रालाही लागली.

न्यूझीलंडमध्ये १९७६ नंतर दम्याने मरणाऱ्या तरुणांची संख्या एकाएकी वाढली. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने बोट ठेवले ते फेनोटेरॉल या जोरकस, झटपट आराम देणाऱ्या पंपावर. त्याच्या वापरावर बंधने आली आणि मृत्यू घटले. पुढे २००६ साली अमेरिकेतल्या २६ हजारांहून अधिक रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात नेहमीच्या उपचारात साल्मेटेरॉलच्या वेगळ्या पंपाची भर घातलेल्यांत दम्याने होणारे मृत्यू अधिक दिसले. हेच औषध स्टेरॉइडच्या सोबतीने घेतले तर तो धोका वाढत नाही, हे नंतरच्या मोठ्या अभ्यासांनी दाखवले. मतलब स्पष्ट होता. नुसता आराम देणारे औषध रुग्णाच्या हाती एकटे देऊ नये. तो आराम घेईल आणि सूज विसरेल. दोन्ही औषधे एकाच डबीत असली की एक घेऊन दुसरे टाळता येत नाही.

मग शहाण्या माणसांनी पुढचा विचार केला. फॉर्मोटेरॉलचा एक विशेष गुण असा की ते बराच वेळ टिकते आणि काही मिनिटांत लागूही पडते. मग धाप लागल्यावर निळ्याऐवजी हाच जोडपंप घेतला तर? २०१८ साली सौम्य दम्याच्या रुग्णांवरचे दोन मोठे अभ्यास प्रसिद्ध झाले. त्यांपैकी एकात असे दिसले की केवळ गरज पडेल तेव्हा बुडेसोनाइड-फॉर्मोटेरॉल घेणाऱ्यांत गंभीर दौऱ्यांचे प्रमाण, नुसता झटपट आरामाचा पंप घेणाऱ्यांपेक्षा ६४ टक्क्यांनी कमी होते. रोज नियमाने स्टेरॉइड घेणाऱ्यांच्या ते जवळपास होते आणि स्टेरॉइड मात्र त्यांच्या एक पंचमांशाहून कमी लागले होते. २०१९ साली ‘ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर अस्थमा’ या आंतरराष्ट्रीय संस्थेने आपल्या मार्गदर्शिकेत स्पष्ट लिहिले, की मोठ्यांचा आणि किशोरवयीन मुलांचा दमा कितीही सौम्य असला तरी केवळ निळ्या पंपावर सांभाळू नये.

नोकरदारांना हे लगेच समजेल. भविष्यनिर्वाह निधी आपल्या मर्जीवर सोडला असता तर आपल्यापैकी किती जणांनी दरमहा तो भरला असता? म्हणून पगार हातात पडण्याआधीच कपात होते. जोडपंपातही तेच आहे. आरामाची निकड लागली म्हणून माणूस पंप घेतो आणि त्याच्या नकळत, त्याच फवाऱ्यातून सुजेचा हप्ताही वळता होतो. रुग्णाला उपदेश करून भागत नाही, तो बरे वाटले की औषध सोडणारच, हे मान्य करून केलेली ही व्यवस्था आहे. माणसाचा स्वभाव गृहीत धरणारी औषधे थोडी आहेत. आक्काच्या हाती पंधरा निळ्या पंपांऐवजी असा पंप असता तर? या ‘तर’ला उत्तर नसते. पण ३,००० वेळा तिने श्वास उसना घेतला आणि त्यातल्या एकाही वेळी हप्ता वळता झाला नाही, एवढे मला मोजता येते.

इथे सावधगिरीचा एक परिच्छेद लिहिणे भाग आहे, कारण रविवारच्या पुरवणीतले कात्रण घेऊन औषधाच्या दुकानात जाणारे वाचक मला ठाऊक आहेत. सगळे जोडपंप सारखे नाहीत. ऐन धापेला उपयोगी पडणारे ते फॉर्मोटेरॉलचे. साल्मेटेरॉलचा पंप सावकाश काम करतो, तो सकाळ-संध्याकाळ ठरल्याप्रमाणे घ्यायचा आणि धापेसाठी वेगळा पंप जवळ ठेवायचा. मध्यम किंवा जास्त दमा असेल तर गरजेपुरता पंप पुरत नाही, रोजचा डोस लागतोच. बिडी-सिगारेटने किंवा चुलीच्या धुराने आलेली धाप हा पुष्कळदा वेगळा आजार असतो, त्याचे हिशेब वेगळे. आपला पंप कोणता, किती, केव्हा, हे आपल्या डॉक्टरांनाच विचारावे. आणि पफ घेऊनही आराम टिकत नसेल, वाक्य पुरे बोलता येत नसेल, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा. आक्काने त्या रात्री दीड वाजल्यापासून वाट पाहिली होती.

पंप घेण्याचीही रीत आहे आणि मी ती वीस वर्षे चुकवली. पंप हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, ओठ घट्ट मिटायचे, सावकाश आत ओढायला लागल्याबरोबर दाबायचे आणि दहा आकडे मोजेपर्यंत श्वास रोखायचा. मी आधी दाबायचो आणि मग ओढायचो. बरेचसे औषध टाळूवर. ज्यांना हा मेळ साधत नाही त्यांनी स्पेसर, म्हणजे ती प्लास्टिकची पोकळ नळी, लावावी. लाजू नये. शेवटी खळखळून चूळ भरावी, नाही तर तोंडात पांढरी बुरशी धरते, आवाज बसतो. डॉक्टरांपुढे एकदा पंप घेऊन दाखवावा, बघा म्हणावे, बरोबर आहे का.

आता सर्वांत जुनी शंका. ‘पंपाची सवय लागते.’ आणि दुसरी, ‘त्यात स्टेरॉइड असते.’ असते. पण आकडा पाहा. पंपाच्या एका पफमध्ये बुडेसोनाइड साधारण २०० मायक्रोग्रॅम. मोठा दौरा आला की स्टेरॉइडच्या गोळ्या देतात, प्रेडनिसोलोन रोज ४० मिलिग्रॅम, पाच दिवस. म्हणजे २०० मिलिग्रॅम, म्हणजे दोन लाख मायक्रोग्रॅम. नुसत्या वजनाने पाहिले तर गोळ्यांचा हा एक कोर्स एक हजार पफइतका होतो. दोन्ही औषधांची ताकद सारखी नाही, त्यामुळे ही तुलना ढोबळ आहे. तरी पंपाला भिऊन वर्षातून तीनदा गोळ्यांवर जाणारा माणूस पै वाचवून रुपया घालवतो, एवढे तिच्यातून कळते. आणि सवयीचे म्हणाल तर मला चष्म्याची सवय आहे. कुणी मला तो सोडून दाखव म्हणत नाही.

दम्याला मात्र आपण असे म्हणू देत नाही. मधुमेहाची गोळी आपण पंगतीत, सर्वांदेखत घेतो, शेजारी बसलेला आपली साखर किती ते सांगतो. पंपासाठी उठून बाहेर जातो. डॉक्टर मंडळीही आपल्या लाजेला हात देतात. ‘दमा’ हा शब्द आईबापांना झेपणार नाही म्हणून ‘ॲलर्जी’, ‘बाळदमा’, ‘छाती भरणे’ अशी नावे देतात. नाव सौम्य, म्हणून उपचारही सौम्य. २०१९ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात दम्याचे सुमारे साडेतीन कोटी रुग्ण आहेत, जगातल्या रुग्णांच्या १३ टक्के. पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंत आपला वाटा ४० टक्क्यांहून अधिक. ही दोन्ही आकड्यांमधली दरी नुसत्या हवेने पडलेली नाही. हवा वाईट आहे, हे खरेच. बांधकामाची धूळ आहे, दिवाळीचा धूर आहे. बंद खोलीत जळणारी डासांची एक कॉइल ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण सोडते, असे २००३ सालच्या एका अभ्यासात मोजले गेले. पण मरण येते ते बहुधा औषध न मिळाल्याने किंवा मिळूनही न घेतल्याने.

न मिळण्याचा प्रश्न खरा आहे. महिन्याकाठी काही शे रुपये ही रक्कम मला जाणवत नाही, इचलकरंजीच्या मागावर काम करणाऱ्याला जाणवते. बुडेसोनाइड-फॉर्मोटेरॉल जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. ते प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कपाटात असायला हवे, आणि पंप कसा घ्यायचा हे दाखवणारा एक माणूसही. ही मागणी सरकारकडे करायची आहे. पण न घेण्याचा प्रश्न सरकारचा नाही. तो माझ्या घरातला होता, टेबलावर, सातव्या रकान्यात.

त्या संध्याकाळी मी कपाटातून बिस्किटांचा डबा काढला. भाऊजींनी तो पुन्हा मागितला नव्हता. बिले अजून तारीखवार लावलेली आहेत. सुनेपुढे ठेवली आणि पंधरा म्हणजे काय ते सांगितले. नात दारात उभी राहून ऐकत होती. तिच्या डॉक्टरांनी तिला जोडपंपच लिहून दिला आहे, पण तो फ्रिजवरच्या डब्यात असतो, दप्तरात नाही. मग मी खिशातला पंप काढून टेबलावर ठेवला.

‘‘आजोबा, तुम्हालापण?’’ ती म्हणाली.

तेरा वर्षे आम्ही एका घरात राहतो.

सून बराच वेळ बिले चाळत बसली. मग तिने फॉर्म ओढला. ‘नाही’वर नुसती गिरवागिरव करू लागली तेव्हा मात्र माझ्यातला अधिकारी जागा झाला. बँकेत खाडाखोड चालत नाही. चुकीचा शब्द एका रेघेने खोडायचा, वर बरोबर तो लिहायचा आणि शेजारी सही करायची. तिने तसे केले. तपशिलाच्या जागेत पंपाचे नाव लिहिले, किती पफ ते लिहिले. तो कुठे असेल हे लिहायचे राहिले होते, ते नातीने आईच्या हातातून पेन घेऊन स्वतःच लिहिले : दप्तराच्या पुढच्या कप्प्यात.